पिवळ्या पिल्लाचं पथ्य

मी एकदा कोंबडीच्या पिल्लाला कावीळ झाली असं समजून त्याला पथ्यावर ठेवलं होतं. अळणी पेज, उसाचा रस, तेलाचा थेंब नाही. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आमच्या घरात एखादीची फजिती एकदा कळली की ती दर सणाला पानात वाढली जाते. पण या मे महिन्यात ती माझ्याच तोंडून बाहेर पडली, तेव्हा आता लिहायला काय हरकत आहे?

लग्नाचं दुसरं वर्ष होतं. सासर गुहागरच्या बाजूला, पाखाडी चढून गेलं की चिऱ्याचं घर, मागे चार माड, पुढे खळं. नवरा मुंबईला नोकरीला, घरात सासूबाई आणि मी. मी बुरोंडीची, मासळीवर वाढलेली, अंगाने दणकट. अकलेचं पुढे येईलच. त्या पावसाळ्याच्या शेवटी मला कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी, फोडणीचा वास आला तरी पोट ढवळायचं. सासूबाईंनी चुन्याच्या पाण्यात माझे हात धुतले. पाणी पिवळं झालं तशी त्यांनी मान हलवली आणि वरच्या वाडीतल्या एका म्हातारीला बोलावणं धाडलं.

ती म्हातारी कावीळ उतरवायची. तिची रीत अशी, की कोंबडीचं कोवळं पिल्लू आजाऱ्यावरून डोक्यापासून पायापर्यंत ओवाळायचं, तोंडाने काहीतरी पुटपुटायचं, आणि मग ज्याची कावीळ त्यानेच ते पिल्लू गावाच्या शिवेवर न्यायचं आणि व्हाळाचं पाणी ओलांडून पलीकडे सोडायचं. कावीळ पिल्लात गेलेली असते. पिल्लू तिला घेऊन जातं, माणूस मागे राहतो.

"सोडलंस की मागं वळून बघायचं नाय," म्हातारी म्हणाली. "बघितलंस तर ती तुझ्या पाठनं परत येल."

"ऐकलंस ना गो?" सासूबाईंनी मुद्दाम विचारलं. वर्षभरात त्यांनी मला पुरती ओळखली होती.

"ऐकलं," मी म्हटलं.

गेले. सोडलं. पाठ फिरवली. आणि मागून चिवचिवाट सुरू झाला. तेव्हाची मी म्हणजे, सांगितलेलं सरळ ऐकलं तर पाप लागेल अशा समजुतीची. वळले. पिल्लू पाण्याच्या काठाशी येऊन उभं राहिलेलं, माझ्याकडे तोंड करून ओरडत होतं. मी परत पलीकडे जाऊन वाकून बघितलं तर त्याची चोच पिवळी, पाय पिवळे, अंगावरची लव पिवळी.

अगो बाई, गेली की खरंच!

कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी लहानाची मोठी झालेली बाई मी. पण ते पिल्लू येतानाच पिवळं होतं, हे त्या घटकेला माझ्या टाळक्यात शिरलं नाही. माझी कावीळ त्या चिमुकल्या जिवाच्या अंगभर पसरलेली मला डोळ्यांनी दिसत होती. मी बरी होणार आणि हे मरणार, या विचाराने मला रडू आलं. पिल्लू पदरात घेतलं, मागच्या वाटेने घरी आले आणि गोठ्यात कोंबड्या झाकायच्या जुन्या डालग्याखाली दडवलं.

मग त्याचा औषधोपचार सुरू झाला. सासूबाई मला जे पथ्याचं द्यायच्या, त्यातला निम्मा वाटा गोठ्यात जायचा. पेज त्याने खाल्ली. उसाच्या रसात मात्र ते पाय बुडवून उभं राहायचं. मी रोज त्याच्या पापण्या ओढून डोळे बघायचे, आणि पिल्लाच्या डोळ्यात काय बघायचं असतं ते मला ठाऊक नसल्यामुळे रोज काळजी करत परत यायचे. पायांचा हिशेब मात्र स्वच्छ होता. माझी नखं दिवसेंदिवस उजळत चालली होती आणि त्याचे पाय पिवळे ते पिवळेच. आणखी काय पुरावा हवा?

मी ठणठणीत झाले, भात-आमटीवर आले, तरी पिल्लू काही "बरं" होईना. तेव्हा त्याचं पथ्य मी चालूच ठेवलं. त्यावर त्याचा चांगला तुरेबाज कोंबडा झाला. एकदा सासूबाईंनी खळ्यात उभं राहून विचारलं, "हा कुणाचा गो?"

"शेजारचा चुकून आलाय वाटतं. राहू दे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोंबड्याकडे बघितलं आणि मूठभर तांदळाच्या कण्या टाकल्या.

शिमग्याला नवरा मुंबईहून आला आणि सासूबाईंनी नेमका तोच कोंबडा धरला. आता तोंड उघडावं तर सगळंच बाहेर येतं, न उघडावं तर माझीच कावीळ नवऱ्याच्या पानात जाते. मी वाटण वाटत राहिले. वाढण्याआधी सासूबाईंनी टोपातल्या दोन फोडी वाडग्यात काढल्या आणि चुलीपाशी पाटावर बसून एकट्याच खायला लागल्या. म्हणाल्या, "मीठ बघतंय." मीठ बघायला दोन फोडी आणि एवढा वेळ? मी मनात म्हटलं, म्हातारी हावरट आहे. त्यानंतरही त्यांनी बराच वेळ नवऱ्याला पानावर बसू दिलं नाही, वडे तळायचे राहिलेत म्हणाल्या. मी स्वतः नुसता रस्सा घेतला. आणि नवरा मुंबईला परत निघेपर्यंत मी त्याच्या डोळ्यांत इतकं टक लावून बघितलं की त्याला वाटलं, बायको आता कुठे प्रेमात पडली. तो समज मी त्याच्या शेवटापर्यंत मोडला नाही.

फार वर्षांनी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा मी त्यांना पेज भरवत होते. त्या अचानक म्हणाल्या, "तो काविळीचा कोंबडा मला काय ठाव नव्हता? पोराच्या पानात पडायच्या आधी म्हटलं आपण खाऊन बघावा."

*

आता मी रत्नागिरीत लेकीकडे असते. नवरा जाऊन काही वर्षं झाली. मला हीच एक लेक, शाळेत शिकवते, आणि घरीही शिकवतच असते. गेल्या वर्षभरात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तेव्हा लेकीने मला उचलून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात, तसं माझंही तपासलं.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आजी, तुमच्या रक्तात कावीळ बी-चा विषाणू सापडलाय. लोक पांढरी कावीळ म्हणतात ती."

"माझे डोळे बघा हो नीट," मी म्हटलं. "तुमचं तर कामच ते. पिवळे दिसतायत का कुठे?"

"नाही दिसत. बहुतेक जणांत दिसतच नाही. वर्षानुवर्षं नुसती रक्तात असते." मग त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. ऑपरेशन होईल, फक्त त्या दिवशी माझा नंबर सगळ्यात शेवटी लावतील. पोटाच्या डॉक्टरांना दाखवून घ्यायचं. "आणि घरच्यांचं रक्त तपासून घ्या. मुलांचं आधी. आईकडून बाळाला जन्माच्या वेळी जाऊ शकते ही."

माझं मूल शेजारीच बसलं होतं, मांडीवर माझी पिशवी घेऊन. पन्नाशी गाठलेलं मूल. ते म्हणालं, "बघू."

खरं सांगते, माझं मला काही वाटलं नाही. या वयात अंगात काहीतरी सापडायचंच. पण "मुलांचं आधी" हे शब्द घरी येईपर्यंत रिक्षात माझ्याबरोबर बसून आले. मी हिला दिली असेल का? एवढाच एक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर हिच्या दंडात होतं, आणि ही म्हणत होती बघू.

घरी आल्यावर मी माझं ताट, माझा कप, माझा तांब्या वेगळा काढला. लेक संतापली. "आई, खाण्यापिण्यातून पसरत नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं ना?"

"असू दे. सावध असलेलं बरं."

"सावध म्हणून नाही. वेगळ्या कपात तू साखर किती घालतेस ते मला दिसू नये म्हणून."

तेही होतंच, नाही म्हणत नाही.

*

देवाची गंमत बघा, माझी नात नेमकं हेच काम करते. पुण्याकडे एका प्रयोगशाळेत ती या विषाणूवर संशोधन करते आणि त्यासाठी उंदीर बाळगते. मी शेजारणींना सांगत आले होते की ती "औषधांचं काहीतरी" करते. नात उंदरांना कावीळ करते, हे सांगायला बरं दिसत नाही. मेच्या शेवटी ती सुटीवर आली. मागीलदारी फणस फोडला होता. हाताला खोबरेल तेल चोपडून आम्ही दोघी गरे काढत बसलो. मला धड दिसत नव्हतं, पण गऱ्याला डोळे कशाला लागतात, बोटांना कळतो.

"काय गो," मी विचारलं, "माणसाची कावीळ कोंबडीच्या पिल्लाला होते का?"

"का?"

मग मला सांगावंच लागलं. म्हातारी, व्हाळ, पिवळी चोच, सगळं. उसाच्या रसात पिल्लू पाय बुडवून उभं राहायचं इथपर्यंत आले तेव्हा ती फणसाच्या पाटावरच लवंडली होती. "थांब, थांब. अळणी? पेज अळणी का?"

"मीठ चालत नाही काविळीला."

"आणि तुझ्या सासूबाईंनी स्वतः आधी खाऊन बघितला? आजी, म्हणजे प्रयोगातला प्राणी पिल्लू नव्हतंच, त्या होत्या!"

हसून झाल्यावर ती शुद्धीवर आली आणि समजावायला लागली. ही विषाणूची जात फार सोवळी आहे म्हणे. माणसाच्या यकृतातच उतरते. कोंबडी नाही, ससा नाही, साधा उंदीरही नाही. यकृताच्या पेशीवर एक ठरावीक जागा असते, तिथेच त्याला चिकटता येतं. उंदराच्या पेशीवरची ती जागा जराशी निराळी असते, आणि तेवढ्यानेच त्याचं अडतं.

"म्हणजे धक्का," मी म्हटलं. "बोट आली तरी धक्का तिच्या मापाचा नसेल तर माणसं उतरणार कुठे?"

"बरोबर, तसंच. म्हणून तर आमची पंचाईत. औषध शोधायचं तर आधी कुठल्यातरी लहान प्राण्यात हा आजार वाढवून बघायला हवा. आणि लहान प्राण्यांत तो उतरतच नाही. एक आहे, खारीसारखा दिसतो, लांब नाकाचा. त्याच्यात उतरतो, पण नीट टिकत नाही. मग लोकांनी दुसरी वाट काढली, याच विषाणूचे भाऊबंद ज्यांना होतात असे प्राणी शोधले. अमेरिकेत बिळात राहणारा एक जाडजूड प्राणी आहे, आपल्या मांजराएवढा. आणि दुसरं बदक."

"बदक? मग मी फार चुकले नाही म्हणायची. पिल्लूच होतं, फक्त जात चुकली."

"तू चुकलीसच. बदकाचा विषाणू बदकाचा, तो माणसाला होत नाही. पण त्यावरून फार कळलं लोकांना. कसं असतं, बदकिणीच्या रक्तात असला तर तो अंड्यात उतरतो. पिल्लू बाहेर येतं तेच त्याला घेऊन. आणि आजारी अजिबात दिसत नाही. खातं, पोहतं, वाढतं, त्याचीही अंडी होतात. जन्मभर रक्तात असतो आणि कुणाला पत्ताच..."

ती बोलता बोलता थांबली. हातातला गरा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मला तिचा चेहरा धुरकट दिसत होता, पण थांबणं ऐकू येतंच.

"बोल की," मी म्हटलं.

"आजी, तुझी ती तेव्हाची कावीळ बहुतेक निराळीच असणार. खराब पाण्याने होते ती. येते, पिवळं करते, आपोआप जाते. पिल्लू असो नसो."

"म्हणजे पिल्लाने काहीच केलं नाही?"

"पेज खाल्ली."

"आणि ही आत्ताची?"

"ही त्याच्याही आधीची असू शकते. लहानपणापासूनची."

मी गरे काढत राहिले. मला माझी आई आठवली. बुरोंडीला आमच्या घरासमोर जाळी वाळत पडायची आणि आई त्यांच्या कडेला बसून सुकटीवरचे कावळे हाकायची. शेवटी शेवटी तिला तेवढंही होईना. हातपाय काड्यांसारखे झाले आणि पोट मात्र पाणी भरून फुगलं. लोक म्हणाले, करणी केली कुणीतरी. वडील भगताकडे जाऊन आले, एका शेजारणीशी त्यांनी जन्माचं वैर धरलं. ती बिचारी मरेपर्यंत आमच्या दारावरून मान खाली घालून जायची. मी तेव्हा एवढीशी होते, मीसुद्धा तिच्याकडे बघून तोंड फिरवायचे.

"माझ्या आईच्या पोटात पाणी झालं होतं," मी नातीला म्हटलं.

"ते आता कुणालाच खात्रीने सांगता येणार नाही, आजी." ती हळू बोलली. "पण असू शकतं."

आपण म्हणे घराण्याचं काय काय पुढे नेतो. आईचं माझ्याकडे नाक आलं, आवाज आला, तिरफळं घातलेल्या आमटीची चव आली. त्याच बोचक्यात हेही बांधलेलं होतं, आणि मी ते न उघडता माझ्या लेकीच्या हातात दिलं की काय?

"आणि तू?" मी विचारलं. हा प्रश्न मला फार आधी विचारायला हवा होता, पण धीर होत नव्हता.

"मला नाही. कामावर लागताना तपासलं होतं. आणि मला तर जन्मल्याच दिवशी लस दिली होती. आईने सांगितलंय मला, तू केवढा तमाशा केला होतास."

अरे देवा. केला होता. चिपळूणच्या त्या दवाखान्यात नर्स सुई घेऊन आली तेव्हा मी पाळण्यापुढे आडवी झाले होते. नाळ सुकली नाही अजून, एवढंसं लेकरू, त्याला कसली सुई? आमच्या वेळी कुठे होतं हे असलं? आम्ही काय मेलो? पिल्लाच्या पापण्या ओढणारी डॉक्टरीण ना मी! लेक खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली होती, "तुम्ही टोचा हो सिस्टर. आईकडे लक्ष देऊ नका." नर्सने मला कोपराने बाजूला केलं. तो राग मी घरी जाईपर्यंत धरून ठेवला होता.

फणस संपत आला होता. मी विषय उंदरांकडे वळवला. नात म्हणाली, त्यांच्याकडचे उंदीर वेगळे असतात. त्यांचं स्वतःचं यकृत हळूहळू निकामी होत जाईल असे ते तयार केलेले असतात, आणि मग त्यात माणसाच्या यकृताच्या पेशी सोडतात. त्या तिथे रुजतात. उंदराच्या पोटात माणसाचं यकृत. त्यात विषाणू उतरतो.

"मग तो उंदीर पिवळा होतो?"

"नाही गं. परकं यकृत अंगाने हाकलून देऊ नये म्हणून त्याची प्रतिकारशक्तीच काढून टाकलेली असते. आणि या आजारात यकृताचं नुकसान करतं कोण, तर विषाणूशी भांडणारं आपलंच शरीर. उंदराच्या अंगात भांडणारंच कुणी नाही. विषाणू नुसता राहतो. उंदीर खातो, पितो, धावतो."

"माझ्यासारखा."

"साधारण. तू भांडतेस मात्र."

"पथ्याला काय देता त्याला?"

"आजी!"

"विचारते आपलं. आणि हे बघ, तुला माझं रक्त हवं असेल तर घेऊन जा. घाल एखाद्यात. या वयात तेवढाच उपयोग."

"असं नाही चालत, परवानग्या लागतात. आणि आमच्याकडे आहे पुरेसं."

इतक्या जुन्या, घरच्या विषाणूला कुणी विचारत नाही म्हटल्यावर मला जरा अपमानच वाटला. तिने हातातलं तेल पुसलं, आणि मी शेवटचं विचारलं, की त्या उंदरांचं पुढे काय होतं. तिने सांगितलं. तपासायचं म्हणजे शेवटी यकृतच तपासावं लागतं. ती म्हणाली, "त्यांना त्रास होऊ नये असं सगळं करतो आम्ही. पण मी रोज बघते त्यांच्याकडे. न बघता करता येत नाही."

वरच्या वाडीतली म्हातारी म्हणायची, वळून बघू नको. ही पोरगी बघते. मी बघितलं ती पिल्लू पदरात घेऊन पळाले होते, ही बघूनही काम पुरं करते. मी एक वाचवलं, आणि त्याचीही शेवटी वड्यांबरोबर सागुतीच केली. तिच्यापेक्षा मी दयाळू होते असं कुठल्या तोंडाने म्हणू?

*

लेक मात्र रक्त द्यायला काही तयार होईना. आधी शाळेचे निकाल, मग प्रवेश, मग कुणाच्या तरी मुलीचं केळवण. मी दोनदा विचारलं तर म्हणाली, "मला काही होत नाहीये." मी म्हटलं, बदकालाही काही होत नसतं. ती म्हणाली, "मला बदक म्हणू नकोस."

माझ्या ऑपरेशनची सकाळ उजाडली. ती घाईघाईने तयार होऊन आली, तर मी खाटेवर बसलेली, रात्रीच्याच लुगड्यात.

"आई, आटप. शेवटचा नंबर असला तरी वेळेवर बोलावलंय."

"मी येत नाही."

"म्हणजे?"

"आधी तुझी सुई. मग माझा डोळा."

"लहान मूल आहेस का तू?"

"हो."

"डोळे तुझे जातील!"

"जाऊ दे. गरे काढता येतात मला."

ती खाटेच्या कडेवर माझ्याजवळ बसली आणि एकदम निराळ्या आवाजात म्हणाली, "मला माझी भीती नाही गं. आहे निघालं, तर तू काय करून घेशील त्याची भीती वाटते. जेवण सोडशील. मग तुला अळणी पेज भरवत बसायची मी."

म्हणजे नातीने पिल्लाची गोष्ट हिला सांगितली होती. सांगणारच.

"पेज मी मिठाची खाईन," मी म्हटलं. "चल."

वाटेतल्या लॅबमध्ये तिने दंड पुढे केला. मी शेजारच्या खुर्चीत बसून दुसरा हात धरला होता. मला सुईचं काही दिसलं नाही, फक्त तिची बोटं एकदा आवळली ती कळली. त्या दिवशी माझा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर लेक उभी होती. इतकी स्वच्छ मी तिला फार दिवसांनी बघत होते. केस किती पिकलेत, ओठाच्या कडेला माझ्या आईसारखी घडी पडायला लागलीय. आणि मी आधी काय बघावं? तिच्या डोळ्यांतलं पांढरं. सवय जात नाही. पांढरंशुभ्र होतं, आणि मला आता ठाऊक होतं की त्यावरून काहीही कळत नाही.

रिपोर्ट तिच्या फोनवर आला, त्याच संध्याकाळी. तिने वाचला, नातीला पाठवला, नातीचा फोन आला, दोघी बराच वेळ बोलल्या. मी ओटीवर बसून होते. डोळ्यावर काळा चष्मा होता, त्यामुळे माझ्या तोंडाकडे बघून कुणाला काही कळलं नसतं. फोन ठेवून लेक माझ्यासमोर आली आणि सरळ सांगितलं. आहे. माझ्यासारखीच, रक्तात. यकृत किती चांगलं आहे ते बघायला आणखी तपासण्या करायच्या, नेमाने डॉक्टरांकडे जायचं. लागली तर गोळी असते, रोजची. नात म्हणाली, वेळेत कळलंय हेच मोठं.

मग ती आत गेली आणि बांगडे साफ करायला बसली. सकाळी घेतलेले, ते थांबणार थोडेच.

मनात सगळं एकदम येत होतं. फुगलेल्या पोटाची माझी आई. मान खाली घालून जाणारी ती शेजारीण. पाळण्यापुढे आडवी झालेली मी, आणि खाटेवरून "टोचा हो" म्हणणारी ही. माझ्यापर्यंत जे आलं आणि माझ्यातून पुढे गेलं, ते हिच्या एका वाक्याने थांबलं, आणि तेव्हा हिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला हे सगळं तिला सांगायचं होतं. उठले, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले, आणि तोंडातून एवढंच आलं, "माझ्यामुळे झालं गो तुला हे. मीच दिलं."

तिने वर बघितलंसुद्धा नाही. विळीवरचा बांगडा उलटा केला आणि म्हणाली, "आई, तू मला जे जे दिलंस ना, त्यात गप्प बसणारं हे एवढंच आहे. आता उभी राहू नकोस, त्या बांगड्यांना मीठ लाव. आणि नीट लाव हां, अळणी नको."